डिफरन्शियलचे तेल घरी बदलताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाड्यांच्या तेलबदलाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या महिन्यात निवडली आहेत. डिफरन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणारी आणि वळणावर त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातांच्या चाकांची पेटी. पहिले उत्तर बरेच लांबले आहे. तेलबदलाची सगळी कृती त्यात आल्यामुळे पुढच्या उत्तरांत ती पुन्हा सांगितलेली नाही.

प्रश्न : मी गेली अकरा वर्षे अमेरिकेत राहतो. माझ्याकडे २०१५ ची सुबारू आउटबॅक असून तिला २.५ लिटरचे इंजिन आणि सीव्हीटी गिअरबॉक्स आहे. गाडी सुमारे ९०,००० मैल चालली आहे. इंजिनाचे तेल मी घरच्या गॅरेजमध्येच बदलतो. आता पुढच्या व मागच्या डिफरन्शियलचे आणि जमल्यास सीव्हीटीचेही तेल स्वतः बदलावे असा विचार आहे. ही तिन्ही कामे घरी करण्यासारखी आहेत का? करायची झाल्यास कोणती काळजी घ्यावी?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : दोन्ही डिफरन्शियलची तेले आपण अवश्य घरी बदलावीत. सीव्हीटीचे, म्हणजे ठराविक गिअरांऐवजी पुली आणि साखळीवर चालणाऱ्या आपल्या गिअरबॉक्सचे तेल मात्र माझ्या मते घरी बदलू नये. त्याचे कारण शेवटी सांगतो. आधी गाडीखाली काय काय आहे ते समजून घेऊ, कारण घरच्या तेलबदलातली सर्वांत महागडी चूक म्हणजे भलताच प्लग सोडणे ही होय.

आपल्या गाडीत चार स्वतंत्र तेले आहेत. सर्वांत पुढे इंजिनाचे तेल. त्यामागे एकाच ॲल्युमिनियमच्या आवरणात, पण आतून एकमेकांपासून वेगळी ठेवलेली, पुढच्या डिफरन्शियलचे गिअरऑइल आणि सीव्हीटीचे तेल ही दोन. चौथे तेल मागच्या डिफरन्शियलमध्ये. मागच्या चाकांकडे जोर पाठवणारा अनेक चकत्यांचा क्लच सीव्हीटीच्या मागच्या टोकाशी बसवलेला असतो आणि तो सीव्हीटीच्याच तेलात भिजत असतो, त्यामुळे ट्रान्स्फर केसचे, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या पेटीचे वेगळे तेल या गाडीत शोधू नये. खालून पाहणाऱ्याला मात्र इंजिनामागचा तो सगळा भाग एकसंध ठोकळ्यासारखा दिसतो आणि थोड्याथोड्या अंतरावर असलेल्या प्लगांपैकी कोणता कशाचा, हे नवख्याला कळत नाही. सुबारूच्या ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिनाचा प्लग समजून गिअरबॉक्सचे किंवा पुढच्या डिफरन्शियलचे तेल सोडून देण्याची चूक फार जुनी आहे आणि ती अजूनही घडते. चूक करणारा माणूस त्यानंतर नेहमीप्रमाणे इंजिनात चार-पाच लिटर नवे तेल ओततो, म्हणजे इंजिनात दुप्पट तेल आणि गिअरबॉक्स कोरडा अशा अवस्थेत तो गाडी सुरू करतो. इंजिनाचा प्लग आपल्या रोजच्या ओळखीचा आहे, ही आपली मोठी जमेची बाजू. उरलेले प्लग सर्व्हिस पुस्तिकेतील चित्राशी ताडून पाहावेत आणि काम सुरू करण्यापूर्वी त्यांवर रंगीत खडूने खुणा कराव्यात. ही पाच मिनिटे वाया जात नाहीत.

सुरुवात मागच्या डिफरन्शियलपासून करावी. ते काम सोपे आहे आणि हात बसायला बरे. त्याच्या मागच्या झाकणावर दोन प्लग असतात. वरचा तेल भरण्याचा आणि खालचा तेल काढण्याचा. दोन्हींच्या खोबणीत अर्ध्या इंचाच्या रॅचेटचे चौकोनी टोक थेट बसते. यातला वरचा प्लग नेहमी आधी सोडावा आणि तो सुटल्याची खात्री झाल्यावरच खालच्याला हात लावावा. बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतः हा क्रम पाळला नव्हता. रविवारी संध्याकाळी तेल काढून झाले आणि मग भरण्याचा प्लग गंजून घट्ट बसलेला निघाला. तो सुटेपर्यंत गाडी तीन दिवस दारात उभी होती आणि शेजारी रोज चौकशी करीत होते. न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे प्लग गंजलेला असण्याची शक्यता पुण्या-मुंबईपेक्षा कितीतरी अधिक. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारे द्रव्य मारून ठेवावे, खोबणीत साचलेला चिखल तारेच्या ब्रशने काढावा आणि रॅचेटचे टोक पूर्ण आत बसल्याखेरीज जोर लावू नये. खोबणीचे कोपरे एकदा गोल झाले की तो प्लग सोडवणे घरच्या हत्यारांच्या आवाक्याबाहेर जाते.

गाडी कशी उभी करावी, याला इथे फार महत्त्व आहे. डिफरन्शियलमध्ये तेलाची पातळी पाहण्यासाठी वेगळी पट्टी नसते. भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत तेल आले आणि बाहेर ओघळू लागले की ते पुरेसे झाले, असे गणित असते. आपण इंजिनाच्या तेलासाठी पुढची चाके रॅम्पवर चढवत असाल, तर त्याच स्थितीत मागचे डिफरन्शियल भरू नये. नाक वर केलेल्या गाडीत मागच्या तोंडावरचे छिद्र तेलाच्या मानाने खाली येते, तेल लवकर ओघळू लागते आणि प्रत्यक्षात कमी भरले जाते. याउलट फक्त मागची बाजू उचलली तर तेल प्रमाणापेक्षा जास्त मावते, ते फेसाळते आणि श्वासनळीतून (पेटीतली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या छिद्रातून) किंवा सीलमधून बाहेर पडू लागते. त्यामुळे एक तर चारही बाजू सारख्या उंचीवर जॅक-स्टँडवर घ्याव्यात, नाही तर गाडी मुळीच उचलू नये. आउटबॅक जमिनीपासून ८.७ इंच उंच असल्यामुळे सडपातळ माणसाचा हात गाडी न उचलताही मागच्या प्लगांपर्यंत पोचतो. सडपातळ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली मात्र एका मिनिटासाठीही शिरू नये.

तेल काढण्यापूर्वी गाडी दहा-पंधरा मिनिटे फिरवून आणावी, म्हणजे तेल पातळ होते आणि तळाशी बसलेला गाळ त्याच्याबरोबर बाहेर येतो. त्यानंतर अर्धा तास थांबावे, कारण पुढच्या बाजूला धुराड्याचा पाइप अगदी जवळ असतो आणि तो भाजतो. काढण्याच्या प्लगला बहुधा चुंबक असते. त्यावर काळपट राखाडी, लोण्यासारखा लेप दिसला तर घाबरू नये. दात एकमेकांवर घासून झालेली ती बारीक पूड आहे आणि इतक्या मैलांनंतर ती दिसणारच. बोटांत टोचतील असे कण, चकाकणाऱ्या पापुद्र्यांसारखे तुकडे किंवा दाताचा कोपरा हाती लागला, तर मात्र तेल बदलून प्रश्न सुटणार नाही आणि गाडी जाणकाराला दाखवावी. जुने तेल मोजायला विसरू नये. या डिफरन्शियलमध्ये ०.८ लिटर तेल मावते. बाहेर पाऊण लिटरच्या आसपास तेल आले तर सील ठीक आहेत. अर्धाच लिटर आले तर उरलेले कुठे गेले, याचा शोध नवे तेल भरण्यापूर्वी घ्यावा.

नवे तेल जाडीने ७५डब्ल्यू-९० या प्रतीचे आणि जीएल-५ दर्जाचे असावे (या आकड्यांचा अर्थ पुढच्या उत्तरात येतो). तिकडे मिळणारी एक क्वार्टची बाटली ९४६ मिलिलिटरची असते, त्यामुळे सपाट जागेवर उभ्या केलेल्या गाडीत तेल ओघळेपर्यंत भरल्यावर बाटलीत सुमारे दीडशे मिलिलिटर उरले पाहिजे. पातळीचे गणित बरोबर जमले की नाही, हे तपासण्याची ही दुसरी सोपी रीत. झाकणाजवळ जागा कमी असल्याने बाटली उलटी करता येत नाही. बाटलीच्या तोंडावर बसणारा हातपंप घ्यावा किंवा वरून लांब नळी सोडून तिच्या टोकाला नरसाळे लावावे. थंडीच्या दिवसांत बाटली आधी कोमट पाण्यात ठेवली तर पंप मारताना दंड भरून येत नाहीत. गिअरऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो आणि कपड्यांना लागला तर तो दोन धुण्यांतही जात नाही, म्हणून टाकाऊ कपडे घालूनच कामाला बसावे.

प्लग परत लावताना वॉशर असेल तर तो नवा घालावा आणि पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर टॉर्क पान्याने आवळावा. झाकण ॲल्युमिनियमचे असेल तर आटे फार लवकर जातात, आणि आटे गेलेले झाकण म्हणजे आठशे मिलिलिटर तेलाच्या कामासाठी शेकडो डॉलरचा भुर्दंड.

पुढच्या डिफरन्शियलची कृती तीच. फरक दोन. तिथला प्लग सोडण्यासाठी टी-७० आकाराचे टॉर्क्स टोक लागते, जे सर्वसाधारण पेटीत नसते, म्हणून ते आधी आणून ठेवावे. हा वेगळा आकार आपल्या फायद्याचाही आहे. हातात टी-७० असताना इंजिनाचा षटकोनी प्लग चुकून सोडला जात नाही. दुसरे असे की या डिफरन्शियलची पातळी काही मॉडेलांत डिपस्टिकने आणि काहींत बाजूच्या प्लगने पाहतात. आपल्या वर्षाच्या मॉडेलसाठी पुस्तिका काय सांगते, तेच धरावे. बाहेर आलेल्या पहिल्या धारेचा वास घ्यावा. गंधकाचा दर्प आला आणि धार मधासारखी जाड असली तर आपण योग्य जागी आहोत. धार पातळ असली आणि दर्प नसला, तर प्लग तत्काळ परत लावावा, कारण ते सीव्हीटीचे तेल आहे.

आता सीव्हीटीविषयी. तिथली पातळी इंजिन सुरू ठेवून आणि तेलाचे तापमान ३५ ते ४५ अंश सेल्सिअस असतानाच पाहायची असते. तेलाचे आकारमान दर दहा अंशांना सुमारे ०.७ टक्क्याने वाढते, म्हणून थंड तेलावर जुळवलेली पातळी गरम झाल्यावर चुकीची ठरते. तापमान वाचण्यासाठी निदान-यंत्र जोडावे लागते. सपाट उचललेल्या, इंजिन चालू असलेल्या गाडीखाली पडून आणि धुराड्याशेजारी हात घालून, तापमान त्या दहा अंशांच्या पट्ट्यात आहे तोवर हे सारे उरकावे लागते. डिफरन्शियलमध्ये पन्नास मिलिलिटर कमीजास्त झाले तरी ते सोसते. सीव्हीटीमधली साखळी आणि पुली तेलाच्या दाबावर चालतात, त्यांना तेवढी सूट नाही. शिवाय तिथे कंपनीने नेमून दिलेलेच तेल लागते. म्हणून हे काम चार खांबी लिफ्ट असलेल्या आणि हेच काम नेहमी करणाऱ्या जागी द्यावे. घरी दोन डिफरन्शियल केल्याने वाचलेले पैसे तिथे उपयोगी पडतील.

जाता जाता एक गोष्ट विचारून ठेवतो. चारही टायर एकाच वेळी बदलले आहेत ना? परिघात पाव इंचाहून अधिक फरक असू नये, असे सुबारूचे सांगणे आहे. एक नवा आणि तीन झिजलेले टायर असतील तर पुढची आणि मागची चाके सतत वेगळ्या गतीने फिरतात आणि मागच्या चाकांकडे जोर पाठवणारा तो क्लच विनाकारण घासत राहतो. मग त्याची पूड सीव्हीटीच्या तेलात जाते.

प्रश्न : माझ्या चारही चाकांना जोर देणाऱ्या डिझेल एसयूव्हीचे तेल बदलायचे आहे. गाडी सहा गिअरची, मॅन्युअल आहे. आमच्याकडचे मिस्त्री म्हणतात, गिअरबॉक्स, पुढचे ट्रान्स्फर युनिट आणि मागचे डिफरन्शियल या तिन्हींत ८०डब्ल्यू-९० जीएल-५ घाला, एकच मोठा डबा आणला की काम झाले. हे बरोबर आहे का? आणि इंजिनात ५डब्ल्यू-३० घालतो, मग इथे एकदम ९० का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण गाडीची कंपनी आणि मॉडेल कळवलेले नाही, त्यामुळे नेमका आकडा न देता तत्त्व सांगतो. मिस्त्रींचा सल्ला मागच्या डिफरन्शियलपुरता बहुधा बरोबर निघेल. गिअरबॉक्सच्या बाबतीत तो धोक्याचा आहे.

मागच्या डिफरन्शियलमध्ये क्राउन आणि पिनियन अशी दातांची जोडी असते आणि पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यापेक्षा खाली असतो. या रचनेला हायपॉइड म्हणतात. तिच्यात दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतातही, आणि तेही प्रचंड दाबाखाली. अशा ठिकाणी तेलाचा थर पिळून निघून जातो. तेव्हा धातूला वाचवण्यासाठी गंधक आणि स्फुरद यांची संयुगे तेलात मिसळलेली असतात, जी उष्णतेने पोलादाच्या पृष्ठभागावर पातळ रासायनिक थर धरतात. जीएल-५ मध्ये या द्रव्यांचे प्रमाण जीएल-४ च्या जवळजवळ दुप्पट असते.

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये परिस्थिती वेगळी आहे. तिथे गिअर बदलताना दोन चाकांचा वेग जुळवण्याचे काम सिंक्रो रिंग करते, आणि बऱ्याच गाड्यांत ही रिंग पितळेची असते. तिला काम करण्यासाठी थोडे घर्षण हवे असते. जीएल-५ मुळे ती घसरते, गिअर पडताना खरखर येते, आणि तेलातले क्रियाशील गंधक कालांतराने पितळ खाऊ लागते. म्हणून पुस्तिकेत जीएल-४ लिहिले असेल तर जीएल-५ चालणार नाही. तिच्यात जीएल-५ लिहिले असेल तर मात्र निःशंकपणे तेच घालावे, कारण अपवादही आहेत. सुबारूच्या पाच गिअरच्या मॅन्युअल गाड्यांत गिअरबॉक्स आणि पुढचे डिफरन्शियल एकाच ३.५ लिटर तेलात चालतात. तिथे हायपॉइड दात असल्यामुळे कंपनीने जीएल-५ नेमले आणि सिंक्रो त्या तेलाशी जमेल असा केला. गाडी बनवणाऱ्याने आतले धातू पाहून तेल ठरवलेले असते, आपण डबा पाहून ठरवू नये.

ट्रान्स्फर युनिटकडे सर्वांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते. आडव्या इंजिनाच्या गाड्यांत पुढच्या चाकांकडे जाणारा जोर काटकोनात वळवून मागे धाडण्याचे काम ही छोटी पेटी करते. बऱ्याच गाड्यांत तिच्यात लिटरभरही तेल मावत नाही आणि ती धुराड्याला चिकटून असते, त्यामुळे ते थोडेसे तेल सर्वांत आधी करपते. काही गाड्यांत हे तेल गिअरबॉक्सशी सामाईक असते आणि काहींत पूर्ण स्वतंत्र. पुस्तिकेतील तेलांच्या तक्त्यात त्याची वेगळी ओळ आहे का, हे पाहिल्याशिवाय इथला प्लग सोडू नये.

आता ९० या आकड्याबद्दल. गिअरऑइलची आणि इंजिन ऑइलची मोजपट्टी वेगवेगळी आहे. शंभर अंश सेल्सिअसला ९० प्रतीच्या गिअरऑइलची विष्यंदिता, म्हणजे जाडपणा, १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (जाडपणा मोजण्याचे एकक) असते, आणि ४० प्रतीच्या इंजिन ऑइलची १२.५ ते १६.३. म्हणजे ९० चे गिअरऑइल हे इंजिनाच्या ४० किंवा ५० प्रतीच्या तेलाइतकेच जाड असते. ७५डब्ल्यू आणि ८०डब्ल्यू यांतला फरक थंडीतला आहे. पहिल्याची कसोटी उणे ४० अंशांवर घेतात आणि दुसऱ्याची उणे २६ अंशांवर. साताऱ्याच्या हिवाळ्यात हा फरक आपल्याला जाणवणार नाही. जानेवारीत लडाखला गाडी नेणार असाल तर ७५डब्ल्यू घ्यावे.

प्रश्न : माझ्याकडे २००८ ची होंडा सीआर-व्ही २.४, चारही चाकांना जोर देणारी आहे. गेल्या महिन्यात एका गॅरेजने मागच्या डिफरन्शियलमध्ये चांगल्या प्रतीचे महाग गिअरऑइल घातले. तेव्हापासून सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवली की मागून घुमल्यासारखा आवाज येतो आणि गाडी अडखळते. डिफरन्शियल गेले का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बहुधा गेलेले नाही. तेल चांगल्या प्रतीचे असेलही, पण ते या गाडीचे नाही.

या सीआर-व्हीच्या मागच्या पेटीत डिफरन्शियलबरोबर एक क्लच आणि दोन छोटे पंप असतात. एक पंप पुढून येणाऱ्या शाफ्टबरोबर फिरतो आणि दुसरा मागच्या चाकांबरोबर. दोन्हींची गती सारखी असेपर्यंत एकाने ढकललेले तेल दुसरा शोषून घेतो आणि दाब तयार होत नाही. पुढची चाके चिखलात घसरू लागली की पुढचा पंप वेगाने फिरतो, दाब वाढतो आणि क्लच मागच्या चाकांना जोर देऊ लागतो. पूर्ण वळणावरही पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावर फिरत असल्याने गतीत थोडा फरक पडतो आणि क्लच हलकेच पकडतो. तो अलगद घसरावा अशा घर्षणगुणांचे तेल होंडाने यासाठी बनवले आहे. ते ड्युअल पंप फ्लुइड-२ या नावाने मिळते. साध्या जीएल-५ तेलात क्लचच्या चकत्या पकडतात, सुटतात आणि पुन्हा पकडतात. आपल्याला ऐकू येणारा घुमल्यासारखा आवाज हाच आहे.

सध्याचे तेल काढून नेमलेले तेल भरावे. साधारण लिटरभर लागते. त्यानंतर मोकळ्या मैदानावर स्टिअरिंग पूर्ण वळवून डावीकडे आणि उजवीकडे प्रत्येकी सात-आठ सावकाश फेऱ्या घ्याव्यात, म्हणजे चकत्यांमध्ये अडकलेले जुने तेल बाहेर पडते. शक्य असल्यास काही दिवसांनी तेच तेल आणखी एकदा बदलावे. खर्च दुप्पट होतो हे खरे, परंतु पहिल्या खेपेला पेटीच्या कोपऱ्यांत गिअरऑइल उरतेच. आवाज यानंतरही तसाच राहिला तर मग चकत्या तपासाव्यात. महिनाभर थोडेसेच चालवले असेल तर ती वेळ येऊ नये.

प्रश्न : आमची जुनी मारुती जिप्सी पावसाळ्यात ओढ्यातून नेहमी जाते. या वर्षी पुढच्या डिफरन्शियलचा प्लग सोडला तर दुधाळ चहासारखे तेल बाहेर आले. सील नुकतेच बदलले होते. पाणी शिरले कुठून?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : जिप्सी ही नेहमी चारही चाकांवर चालणारी गाडी नव्हे, पण आपला प्रश्न ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांनाही तसाच लागू पडतो.

पाणी बहुधा श्वासनळीतून किंवा सीलच्या ओठातून आत ओढले गेले. घाट चढून आलेल्या गाडीचे डिफरन्शियल चांगलेच तापलेले असते. तसेच ते ओढ्याच्या थंड पाण्यात उतरले की आतली हवा क्षणात आकसते आणि पोकळी भरून काढण्यासाठी बाहेरून काहीतरी आत येते. श्वासनळी मोकळी आणि पाण्याच्या वर असेल तर हवा येते. ती चिखलाने बुजलेली असेल तर आतला ताण सीलवर पडतो, आणि बाहेरून येणाऱ्या पाण्याला रोखण्यासाठी सीलची घडणच नसते. आपण सील बदलले आणि श्वासनळी तशीच ठेवली असणार, असा माझा तर्क आहे. आसाच्या नळीवर एक छोटी टोपी असते. ती काढून धुवावी आणि तिच्या जागी रबरी नळी जोडून तिचे टोक बॉनेटखाली उंच नेऊन बांधावे. पाण्यात उतरण्यापूर्वी दहा मिनिटे थांबून डिफरन्शियल निवू दिले तरी बराच फरक पडतो.

दुधाळ तेल एक दिवसही ठेवू नये. बेअरिंगना गंज चढायला तेवढा वेळ पुरतो. तेल काढावे, स्वस्त गिअरऑइल भरून दहा-पंधरा किलोमीटर फिरवावे, ते काढावे आणि मगच चांगले तेल भरावे. डिझेलने धुण्याची पद्धत आपल्याकडे आहे, पण आत उरलेले डिझेल नव्या तेलाला पातळ करते, म्हणून मी ती सुचवत नाही. जिप्सीची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून वेगळी बसवलेली असते. तिचा, गिअरबॉक्सचा आणि मागच्या डिफरन्शियलचाही प्लग याच वेळी उघडून पाहावा. एकाच ओढ्यातून गेलेल्या चारही पेट्यांपैकी एकीतच पाणी सापडले, असे क्वचित घडते. पुढची चाके ज्या गोल सांध्यांवर वळतात त्यांच्याभोवतीची नमद्याची कडी भिजून फुगली असेल तर तीही बदलावी आणि आतले ग्रीस पाहावे. जुलै २०२१ च्या पुरात आपल्या शहरात ज्या गाड्या आसापर्यंत पाण्यात उभ्या होत्या आणि ज्यांचे फक्त इंजिन ऑइल बदलले गेले, त्यांच्या मालकांनीही हे वाचून एकदा प्लग उघडून पाहायला हरकत नाही.

प्रश्न : घरी तेल बदलल्यावर जुने तेल कुठे टाकावे? गावाकडे ते वाळवी लागू नये म्हणून लाकडी खांबांना आणि दाराच्या चौकटींना लावतात.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लावतात, हे खरे आहे, पण पावसाने ते धुऊन खाली उतरते आणि अंगणात विहीर किंवा बोअर असेल तर तिच्याकडे झिरपते. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या केंद्रीय नियमांखाली येते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. दोन-चार लिटरसाठी आपण अशा कारखान्यात जाणार नाही, म्हणून ज्या मोठ्या सर्व्हिस सेंटरकडून असा व्यावसायिक तेल उचलून नेतो, तिथे विचारावे. आपण तेलाचे नवे डबे तिथूनच घेतले तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. तेल नव्या तेलाच्याच रिकाम्या डब्यात भरावे आणि त्यात पाणी, डिझेल किंवा कूलंट मिसळू देऊ नये. मिसळलेले तेल कोणी घेत नाही. चिपळूणच्या वाचकांचे दुधाळ तेल त्यामुळे वेगळ्या डब्यात ठेवावे लागेल आणि तसे सांगूनच द्यावे लागेल.